शरीर म्हणालं, गहू नको

४ नोव्हेंबर
आजपासून रोज लिहायचं. डॉक्टर याकशिच बाई म्हणाल्या, काय खातोस ते लिहून ठेव. मी खाण्याबद्दल फार लिहिणार नाही. खाणं ही खासगी गोष्ट आहे.

रिपोर्ट: यकृतावर चरबी, साखर काठावर. सत्ताविसाव्या वर्षी! बाई म्हणाल्या, अजून बिघडलेलं काही नाही, पण बिघडायच्या तयारीत आहे. मग ड्रॉवर उघडून एक छापील कागद दिला. दिवसातून पाच वेळा थोडं थोडं खा. पांढरा पाव बंद. डुकराची चरबी बंद. समुद्रातले मासे आठवड्यातून तीनदा. गाजर कच्चं.

माझ्या आधी आत गेलेल्या ऐंशीच्या म्हातारीच्या हातातही हाच कागद होता. तिच्या तोंडात एकही दात नाही. ती गाजर कच्चं खाणार? आणि समुद्र कुठाय? आमच्या गावाला डॅन्यूब आहे. तिच्यात कार्प मासे आहेत. कागदाला कार्प माहीतच नाही. हा कागद ज्याच्यासाठी छापला तो माणूस मला आजवर भेटलेला नाही.

तरी उद्यापासून पाळायचा. मी एकदा ठरवलं की ठरवलं.

६ नोव्हेंबर
पाळला. काल. आज कामावर, टायरच्या दुकानात, गर्दी. बर्फ पडायच्या आत सगळ्या गावाला हिवाळ्याचे टायर हवेत. पाच वेळा जेवायला वेळ कुणाला आहे?

विदोये काकांचा फोन. म्हणाले, "ओब्रादा, बाप जाऊन वर्ष झालं. यंदापासून स्लावा तुझी."

मी म्हणालो, काका, मी भाड्याच्या एका खोलीत राहतो.

"संत काय घरभाडं विचारायला येणार आहे?"

स्लावा म्हणजे कुळाच्या संताचा सण. म्हणजे आमचा संत निकोला आता माझा. एकोणीस डिसेंबर. उपासाच्या दिवसांत येतो, म्हणून मांस नाही, मासा. मेणबत्ती, पाव, वाइन, कुटलेला गोड गहू. बाबा दिवसभर उभे राहून वाढायचे. यजमान त्या दिवशी बसत नाही. लहानपणी मला वाटायचं बाबांची पाठ दुखत असेल.

काका आणखीही काही सांगत होते. पण मी खिडकीतून बघत होतो. डॅन्यूबवरून एक मालवाहू बोट चालली होती आणि तिच्यावर चक्क एक सायकल वाळत घातल्यासारखी लटकवलेली होती. सायकल कुणी का लटकवेल? तेवढ्यात फोन संपला.

ठराव: चार वर्षांत सहा गावं झाली. आता पुरे. जिथे आपली स्लावा होते तिथे आपलं घर. एकोणीसला खोली भरली तर इथेच राहायचं, कायमचं. नाही भरली तर त्रेबिन्येला मित्राकडे. तो म्हणतो तिथे मधमाश्यांचं काम आहे.

बोलावणं करायचं नाही. स्लावाला बोलावत नसतात. ज्याला यायचं तो आपणहून येतो. बोलावून आलेला पाहुणा काय कामाचा?

१० नोव्हेंबर
मोठा शोध. फोनवर एका दाढीवाल्याचा व्हिडिओ पाहिला. तो जंगलात राहतो. (इंटरनेट आहे.) म्हणतो, सरकारी डाएट विसरा. तुमच्या शरीराला हजारो वर्षांचं शहाणपण आहे. ते काय मागतं ते ऐका.

दुपारी बाकावर बसून ऐकलं. पहिल्यांदा काहीच ऐकू आलं नाही. मग स्पष्ट आलं: डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तळलेले तुकडे.

नेमकं कागदानं बंद केलेलं! याला योगायोग म्हणायचं का?

पाव किलो खाल्ले. शरीर शांत.

१३ नोव्हेंबर
शरीराचे आदेश येऊ लागलेत. पाव नको. गहूच नको, कुठल्याही रूपात. सकाळी खारवलेल्या कोबीचं पाणी एक ग्लास. रात्री काही नाही.

रात्री भूक लागली. ती शरीराची नव्हती, सवयीची होती. फरक कळायला लागलाय.

कागद घडी करून खिडकीच्या फटीत घातला. वारा यायचा थांबला. छापील सल्ल्याचा एवढा तरी उपयोग.

१६ नोव्हेंबर
स्तामेना मावशी. माझी घरमालकीण, मधल्या भिंतीपलीकडे एकटीच राहते. मी आलो त्या आठवड्यापासून रविवारी ताटली आणून देते. आज सार्मा. कोबीच्या पानात गुंडाळलेला खिमा, वर तांबडी चरबी तरंगतेय. मी परत केली.

"का रे? बरं नाही?"

मी समजावून सांगितलं. शरीर तांदूळ नको म्हणतंय.

"एवढासाच तांदूळ आहे त्यात. खिमा धरून ठेवायला."

तेवढाही नको म्हणतंय.

मावशीनं ताटलीकडे पाहिलं, माझ्या पोटाकडे पाहिलं. "मग या पोटाचं मन फार मोडू नकोस हो," म्हणाली आणि ताटली घेऊन गेली. शरीराची चेष्टा केली की काय ते नीट कळलं नाही.

संध्याकाळी तिच्या खोलीतून टीव्हीचा आवाज. तुर्की मालिका. भिंत इतकी पातळ आहे की कोण कुणाला सोडून गेलं ते मला इकडे कळतं. या आठवड्यात सगळेच सोडून गेले.

१८ नोव्हेंबर
आज दुकानात ग्वोझ्देन मालकाच्या कानावर स्लावा घालायची ठरवली होती. बोलावणं नव्हे. नुसतं सहज कानावर.

दहा वाजता सगळे बुरेक खायला बसलो. म्हणजे ते बसले, मी उभा. बुरेक म्हणजे गहू, वर तेल. मालक म्हणाला, "अरे ओब्राद्या, घे की. का, नवस बोललायस?"

ही संधी होती. नवसावरून संतावर, संतावरून स्लावावर. मी सुरुवात यकृतापासून केली. यकृत म्हणजे काय, ते रात्री काय करतं, तळलेलं पीठ त्याला कसं चिकटतं. मालकाचा मेव्हणा बुरेक खाता खाता थांबला.

मालक म्हणाला, "देवा, मला यकृत आहे हेच मी विसरलो होतो. आता दिवसभर जाणवणार."

मग गाड्या आल्या. स्लावा राहिली. उद्या.

२१ नोव्हेंबर
मावशीची स्लावा. तिचा संत आर्कांजेल, उपासाच्या आधी येतो, म्हणून मटण, डुक्कर, सगळं. बोलावलं नव्हतंच, बोलावत नसतात. गेलो.

खोली भरलेली. मावशी काळ्या ड्रेसमध्ये, गाल लाल, उभी. सात वर्षांपूर्वी नवरा गेल्यापासून ती एकटीच यजमान. दारातच तिनं गव्हाचा वाडगा आणि चमचा पुढे केला. रीत आहे, आत येणारा आधी एक चमचा गहू खातो, क्रॉसची खूण करतो, मग बसतो.

शरीर म्हणालं, गहू नको.

मी ऐकलं. तत्त्व म्हणजे तत्त्व. मी नम्रपणे सांगितलं की माझी स्लावाविषयी काही तक्रार नाही, फक्त गव्हाविषयी आहे.

कोपऱ्यातला टोपीवाला म्हातारा, मावशीचा दीर, म्हणाला, "काय म्हणाला तो? गहू नको?"

"त्याचं शरीर नको म्हणतंय," मावशी म्हणाली.

"शरीर? आमची शरीरं काय उधार आणलेली आहेत?"

लोक हसले. मावशी हसली नाही. वाडगा घेऊन पुढच्या पाहुण्याकडे गेली. मी खिशातून आणलेली उकडलेली अंडी खाल्ली. डुकराचं मांस मात्र चालतं, तेही खाल्लं.

एकूण संध्याकाळ चांगली गेली. लोकांना नवीन गोष्ट पचायला वेळ लागतो.

२३ नोव्हेंबर
रविवार. ताटली आली नाही. मावशीला मुद्दा पटला असावा.

३० नोव्हेंबर
रविवार. ताटली नाही. पटलाय.

सव्वासात वाजता मालिका. त्या हिरोची आई परत आली. भिंतीला कान लावून नव्हे, सहज.

३ डिसेंबर
डॉक्टर याकशिच बाईंकडे. वजन उतरलंय. साखरही थोडी खाली. बाईंना आश्चर्य वाटलं. मला नाही.

"कागद पाळलास?"

मी सांगितलं, कागद नाही, शरीर. खिडकीच्या फटीचं सांगितलं नाही.

"मग खातोस काय?"

आठवून सांगितलं. कोबीचं पाणी. अंडी. कधी कधी काही नाही.

"रात्री?"

रात्री शरीर काही मागत नाही. आधी मावशी रविवारी आणून द्यायची, मालक दहा वाजता जबरदस्ती करायचा. आता दोघंही करत नाहीत, त्यामुळे शरीराचं ऐकणं सोपं झालंय.

बाईंनी चष्मा काढला. म्हणाल्या, "कागद मीही घरी पाळत नाही. तो सगळ्यांसाठी आहे, म्हणजे कुणासाठीच नाही. पण तू शरीराचं ऐकत नाहीयेस, ओब्राद. तू उपाशी आहेस."

डॉक्टर लोकांना शरीराविषयी बोललेलं आवडत नाही. धंद्याचा प्रश्न आहे.

९ डिसेंबर
पहिला बर्फ. दुकान ओस. सगळ्यांचे टायर बदलून झाले.

मालकाकडे जुने टायर मागितले, आठ. खोलीत एकच खुर्ची आहे. दोन टायर एकावर एक आणि वर पाट, की स्टूल.

"काय करणार आठ टायरांचं?"

"बसायला."

"कोण बसणार आहे?"

इथे सांगता आलं असतं. अगदी तोंडावर आलं होतं. पण मला वाटलं, आता सांगणं म्हणजे बोलावणंच. बाबांनी आयुष्यात कुणाला बोलावलं नाही आणि त्यांच्याकडे माणसं मावायची नाहीत. मी म्हणालो, बघू.

मालक मेव्हण्याला म्हणाला, "टायरवर बसवून यकृत शिकवणार असेल."

टायर खोलीपर्यंत लोळवत नेले. उतारावर एक सुटला, थेट बेकरीच्या दारात. बेकरीवाली ओरडली. तिच्याशी बोलता बोलता विसरलो की बाकीचे सात रस्त्यात उभे केलेत.

१५ डिसेंबर
शरीराशी बोलणं केलं. एकोणीसपुरतं स्लावाचं सगळं चालेल असं ठरलं. गहू, पाव, वाइन, सगळं. संताचा दिवस आहे. शरीरानं लगेच मान्य केलं. जरा जास्तच लगेच.

कार्प सांगून ठेवला, मोठा. कोळी म्हणाला, किती माणसं? मी म्हणालो, भरपूर.

१८ डिसेंबर
दिवसभर स्वयंपाक. विदोये काकांना तीनदा फोन. गहू उकडायचा, फडक्यावर वाळवायचा, अक्रोडाबरोबर कुटायचा, साखर. फडकं नव्हतं, स्वच्छ शर्ट वापरला. पाव एका बाजूला काळा झाला. कांदे घालून भाजलेले राजमे चांगले झाले. माशाचं कालवण लाल, तिखट. कार्पचे दहा तुकडे.

सगळ्या मजल्यावर वास. खिडकी बंद ठेवली म्हणजे वास जिन्याकडे जाईल.

काका म्हणाले, "किती जण येणार?" मी म्हणालो, टायरवर चार, पलंगावर तीन, उरलेले उभे. "मग छानच," म्हणाले. "बापानं बघायला हवं होतं."

१९ डिसेंबर, सकाळ
पाव चर्चमध्ये नेला. रांगेत अर्धं गाव, प्रत्येकाच्या हातात पाव. तेव्हा डोक्यात उजेड पडला की निकोला अर्ध्या देशाचा आहे, अर्धे लोक आज घरीच यजमान असणार. असू देत. उरलेलं अर्धं गाव आहे ना.

पाद्रीनं पाव कापला, वाइन ओतली. म्हणाला, "तू कुणाचा?" मी वडिलांचं नाव सांगितलं. त्याला माहीत नव्हतं.

मेणबत्ती लावली. उभा आहे.

१९ डिसेंबर, दुपार
उभा आहे. यजमान बसत नाही.

बाहेर जिन्यात पावलं वाजतात. वर जातात. वर सिमाचं घर आहे, त्याचीही निकोलाच.

मालक आला नाही. दुकान बंद असेल. किंवा चालू असेल.

१९ डिसेंबर, संध्याकाळ
आला! पाहुणा आला.

दार न वाजवताच उघडलं. साठीचा माणूस, टोपीवर बर्फ, हातात वाइनची बाटली. "स्लावा सुखाची होवो, यजमान!" आणि तीन वेळा गालाला गाल. थंड गाल. मी वाडगा पुढे केला. त्यानं गहू खाल्ला, क्रॉसची खूण केली, म्हणाला, "अक्रोड भरपूर घातलेत. शाब्बास."

नाव ताडिया. टायरवर बसला, काहीही न विचारता. कालवण दोन वाट्या. मी उभ्यानं वाढत होतो. त्याच्या आग्रहाखातर उभ्यानंच दोन घास घेतले. पाव. गहू. राजमे. शरीर एक अक्षर बोललं नाही. मीही विचारलं नाही.

मग तो इकडेतिकडे बघत म्हणाला, "आणि बाप कुठाय? झोपला?"

मी म्हणालो, "बाबा गेले. मागच्या वर्षी."

त्याच्या हातातला चमचा खाली गेला. "गेला? आणि मला कुणी कळवलं नाही?"

मला वाटलं, बाबांचा कुठलातरी जुना ओळखीचा. बाबा बरीच वर्षं ट्रक चालवायचे. म्हणालो, मला पत्ते माहीत नव्हते.

ताडिया रडायला लागला. मोठ्यानं, टोपी तोंडावर धरून. म्हणाला, असा माणूस दुसरा नव्हता. आपल्या घासातला घास काढून द्यायचा. सैन्यात असताना माझे ओले मोजे स्वतःच्या पोटावर वाळवून दिले त्यानं. मी म्हणालो, हो, बाबा असेच होते. मलाही रडू आलं. बाबांसाठी माझ्याशिवाय कुणी रडलेलं मी पाहिलंच नव्हतं. अंत्यविधीला पाऊस होता आणि काका घाईत होते.

आम्ही दोघं रडत होतो, तेवढ्यात त्याच्या खिशात फोन वाजला. पलीकडचा माणूस इतक्या मोठ्यानं बोलत होता की मला सगळं ऐकू आलं. "अरे ताडिया गाढवा, कुठे मेलास? कालवण गार झालं!"

ताडियाचा चेहरा पांढरा झाला. "सिमा? तू जिवंत आहेस?"

"मग काय तुझ्यासाठी मरू? ये वर!"

तो फोनकडे बघत बसला. मग माझ्याकडे. "तू सिमाचा मुलगा नाहीस?"

"नाही. मी ओब्राद."

"मग मेलं कोण?"

"माझे वडील."

वरच्या मजल्यावर कुणीतरी गाणं सुरू केलं होतं. ताडिया उठला. डोळे पुसले. ग्लासात उरलेली वाइन जमिनीवर थोडी सांडली, मृतांसाठी सांडतात तशी, उरलेली प्यायला. "त्यांना शांती लाभो. काय नाव होतं?"

मी सांगितलं. त्यानं ते नाव म्हटलं. आमच्या घराबाहेरच्या माणसाच्या तोंडून वर्षभरानं ऐकलं.

मग त्यानं बाटली उचलली. जरा घुटमळला. "ही... सिमासाठी आणलीय, बघ. राग मानू नकोस."

मी म्हणालो, कसला राग.

तो वर गेला. वर मोठा गलका झाला, खूप हसले सगळे. माझी गोष्ट सांगितली असणार.

मेणबत्ती अजून अर्धी आहे. उभा आहे.

२० डिसेंबर
सकाळी अंगणात बर्फ काढताना मावशी. नोव्हेंबरनंतर पहिल्यांदाच बोलली.

"काल तुझ्याकडे कोण रडत होतं रे?"

पाहुणे, म्हणालो.

"कसले पाहुणे?"

"स्लावा होती, मावशी. माझी. निकोला."

तिनं फावडं बर्फात रोवलं. "तुझी स्लावा? मला वाटलं तुझ्याकडे संत नाही, शरीर आहे." मग माझ्याकडे नीट बघून, "सांगायचं नाही का, मेल्या?"

"स्लावाला बोलावत नसतात."

"बोलावत नसतात. पण गावाला आधी ठाऊक असतं ना, कुणाकडे कधी आहे ते! तू काल आलेला माणूस. आम्हाला काय संत येऊन सांगणार?" ती थांबली. "काल दिवसभर घरीच होते मी. एकटी. भिंतीतून कार्पचा वास. मालिका पण लागली नाही, वीज गेली होती आमच्या बाजूला. म्हटलं, याच्या शरीरानं आज मासा मागितला असेल, आपण कशाला मधे जा."

मी बर्फाकडे बघत होतो. फावड्याखाली एक मांजराच्या पावलांची ओळ होती, सरळ भिंतीपर्यंत गेलेली आणि तिथेच संपलेली. मांजर गेलं कुठे?

"उरलंय का काही?" मावशी म्हणाली. "दुसऱ्या दिवशीही जातात की लोक."

कार्पचे आठ तुकडे. कालवणाचं पातेलं अर्ध्याच्या वर. गहू वाडगाभर.

मी म्हणालो, "सगळं संपलं, मावशी. माणसं फार आली."

"पण रडण्याचा एकाचाच आवाज आला."

"बाकीचे हळू बोलत होते."

तिनं मान हलवली. फावडं उचललं. "बरं झालं," म्हणाली, "घर भरलं तुझं." आणि आत जाऊन दार ओढून घेतलं.

हे मी का म्हणालो ते शरीराला विचारलं.

त्रेबिन्येच्या मित्राला कळवलं, येत नाही. घर भरलं असं सांगून बसलोय, तेव्हा आता इथेच राहणं भाग आहे. निदान कार्प संपेपर्यंत.